हवा मानवणे

आमच्या आईच्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर येत असे. मुंबईहून कोणी पाहुणा सुट्टीत अलिबागजवळच्या आमच्या गावी आला आणि दोन दिवसांत सर्दी-खोकल्याने बेजार झाला, की ती म्हणे, “त्याला इथली हवा मानवली नाही.” तोच पाहुणा चार दिवसांनी भाकरी-कालवण मागून घेऊ लागला, की “मानवली हो हवा!” या बोलण्यात सगळा अधिकार हवेचा असे, माणूस बिचारा तिच्या मर्जीवर. माणसाने आपणच यादी करावी, इतके अंश उष्णता, इतका दमटपणा, इतके दिवस पाऊस, आणि त्या यादीत बसेल ते गाव शोधत फिरावे, हे आईच्या स्वप्नातही आले नसते.

ही आठवण होण्याचे कारण आमची थोरली मुलगी. ती अश्दोदला असते. गेल्या पेसाहच्या सुट्टीत ती दिमोनाला आली तेव्हा तिने संगणकावर एक तक्ता करून आणला होता. डाव्या बाजूला सहा गावे : दिमोना, अराद, बेर-शेवा, अश्दोद, हैफा, स्फात. वरच्या बाजूला रकाने : उन्हाळ्यातले तापमान, हिवाळ्यातले तापमान, दमटपणा, धुळीचे दिवस, इस्पितळाचे अंतर. मला म्हणाली, “आबा, तुमचे आदर्श हवामान कोणते ते सांगा, म्हणजे मी प्रत्येक गावाला गुण देते.”

वाचकहो, चौतीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे मी मुंबईत शिकलो आणि इथे इब्री भाषेत शिकवले. पण तुला कोणते हवामान आवडते, असे मी कधी कोणा विद्यार्थ्याला विचारल्याचे आठवत नाही, आणि मलाही कोणी विचारले नव्हते. उत्तर चटकन सुचेना. मी चहा करायला उठलो.

तक्त्यामागे कारण होते. आमच्या मंडळींना गेली पाच-सहा वर्षे श्वासाचा विकार आहे. वसंत ऋतूत आणि पुन्हा हिवाळा तोंडावर आला की शराव सुटतो. वाळवंटातली धूळ घेऊन वारा येतो, आकाश हळदीसारखे पिवळे होते, त्रिसीम घट्ट लावून घेतले तरी सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. अशा रात्री त्या उशांची चळत पाठीशी घेऊन बसून काढतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धूळ वाईट. शक्य असेल तर विचार करा. कुठे जा ते त्यांनी सांगितले नाही. समुद्रकाठी धूळ कमी, पण दमटपणामुळे भिंतींना बुरशी धरते आणि तीही श्वासाला चांगली नव्हे. आमच्या शेजारचे अराद गाव १९६२ साली वसले तेव्हापासून दमेकऱ्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, कोरडी आणि स्वच्छ हवा म्हणून. पण शराव सुटला की तो अरादला वळसा घालून जात नाही. म्हणजे तक्ता मांडायला सोपा, सोडवायला कठीण.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला मी ही अडचण सांगितली. तो म्हणाला, “यात विचार कसला करतोस? पैसे असतील तर जा, नसतील तर राहा. सदरा निवडावा तसे गाव निवडावे. यात नीतीचा प्रश्न कुठे आला?” त्या वेळी मी गप्प बसलो. पण मला वाटते, आला. सदरा बदलला तर जुन्या सदऱ्याचे काही बिघडत नाही. गाव सोडले तर गावात राहणाऱ्यांचे बिघडू शकते. शिवाय कोणाला निवडता येते आणि कोणाला येत नाही, हाही प्रश्न आहेच.

आपल्या समाजाचा इतिहास पाहिला तर हवा पाहून आपण कधी कुठे गेलो, असे दिसत नाही. नौगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज लागले ते तारू फुटले म्हणून, अशी आपली परंपरा सांगते. किनारा त्यांनी निवडला नाही, लाटांनी निवडला. त्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. ते तेली झाले, शनवार पाळला म्हणून शनवार तेली झाले, आगोटीची बेगमी करायला शिकले, कौलावर झावळ्या घालायला शिकले. पुढे अठराव्या शतकात मंडळी मुंबईस गेली ती नोकरीसाठी, पलटणीत आणि गोदीत. मुंबईची हवा चांगली म्हणून नव्हे. तेव्हाची मुंबईची हवा तर परदेशी माणसाचा काळ समजली जाई. आणि येथे आलो ते का आलो, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको.

दिमोना १९५५ साली वसवले गेले. तेव्हा ट्रकमधून आणलेली माणसे उजाड वाळू पाहून खाली उतरायला तयार नव्हती, असे येथले जुने लोक अजून सांगतात. मी आलो १९८२ साली, त्यामुळे माझ्या वाट्याला रस्ते, दिवे, झाडे आणि एक चुलतभाऊ असे सगळे तयार होते. एका कचेरीत टेबलापलीकडच्या गृहस्थाने मला नकाशा दाखवला व विचारले, कुठे जाणार? मी नुकताच भूगोलाची पदवी घेतलेला, ऐटीत विचारले, “दिमोनाचे वार्षिक पर्जन्यमान किती?” तो हसला. त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. बेर-शेवाला वर्षात साधारण दोनशे मिलिमीटर पडतो, आमच्याकडे त्याहून कमी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे बेर-शेवाचा चार वर्षांहून अधिक पाऊस एका दिवसात. असो. मी दिमोना निवडले ते चुलतभावासाठी. पर्जन्यमानाने माझा निर्णय बदलला नसता.

आता हवा पाहून राहण्याची जागा कोणी निवडली, ते पाहू. आपल्या देशात ते साहेबाने केले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला चढला व तेथे बंगले उठू लागले. मुंबई सरकार तर ऋतूप्रमाणे बिऱ्हाड हलवी : उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. साहेबाला हवा मानवावी म्हणून सगळे दप्तर घाट चढे. ते दप्तर, त्या पेट्या आणि कधी खुद्द साहेब व मडमा ज्यांच्या खांद्यावरून वर गेल्या, त्यांना कोणते हवामान आवडते हे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मी साहेबाला दोष देत बसत नाही; उकाडा त्यालाही होत होता. पण एवढे मात्र दिसते की आदर्श हवेत राहणाऱ्याच्या मागे बहुधा कोणीतरी वाईट हवेत ओझे वाहत असतो.

मी शिक्षण घेत होतो तेव्हा एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाचे नाव आमच्या प्राध्यापकांच्या तोंडी असे. येल विद्यापीठात असलेल्या या गृहस्थाने १९१५ साली हवामान व संस्कृती यांवर एक ग्रंथ लिहिला. शरीरश्रमाला सरासरी साठ ते पासष्ट अंश फॅरनहाईट तापमान उत्तम आणि बुद्धीच्या कामाला चाळीसच्या आसपास, असा त्याचा हिशेब. मग जगाचा नकाशा रंगवून त्याने सर्वांत उत्साहवर्धक हवा कुठे आहे ते दाखवले. ती निघाली इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घराच्या आसपास! भायखळ्याच्या खोलीत घामाने भिजलेल्या वहीवर मी ही माहिती उतरवून घेतली व परीक्षेत लिहून गुणही मिळवले. चाळीस अंशांवर बुद्धी चालते तर माझी पंचाऐंशी अंशांवर कशी चालली, हे विचारण्याचे धैर्य तेव्हा नव्हते. आज हंटिंग्टनचे सिद्धांत कोणी मानीत नाही. पण त्याची खोड आपल्या सर्वांत आहे. आदर्श हवा विचारली की माणूस आपल्या ओळखीची हवा सांगतो.

माझेच पाहा. मुलीच्या प्रश्नाला मी रात्री अंथरुणावर पडून उत्तर शोधू लागलो तेव्हा डोळ्यांपुढे काय आले? मृगाचा पहिला पाऊस. तापलेल्या अंगणातून उठणारा मातीचा वास, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या, पडवीत बसून खाल्लेले भाजलेले फणसाचे बी. हे माझे आदर्श हवामान! मग शिक्षकाच्या सवयीने मी स्वतःचे उत्तर तपासले. त्याच पडवीत आजोबांचे अंथरूण ओले होई म्हणून ती रात्रभर भांडी ठेवीत. कपडे आठ-आठ दिवस वाळत नसत व त्यांना कुबट वास येई. जुलैत तापाने माझी धाकटी बहीण महिनाभर पडून होती. यातले काहीही आठवणीच्या हवामानात नव्हते. मी ज्याला आदर्श हवा म्हणत होतो ती हवा नव्हतीच. ते माझे दहावे वर्ष होते. त्याला कोणत्याही रकान्यात गुण देता येत नाहीत.

तेल अवीवला जन्मलेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी श्केड या सहकाऱ्याबरोबर १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले विद्यार्थी थंडीत कुडकुडतात, दक्षिण कॅलिफोर्नियातले वर्षभर सुखद हवेत हिंडतात. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटे की कॅलिफोर्नियातली माणसे अधिक सुखी असणार. प्रत्यक्षात आपापल्या आयुष्याविषयीचे समाधान दोन्हीकडे सारखेच निघाले. जागा बदलण्याचा विचार करताना आपण हवेकडेच टक लावून पाहतो. राहू लागल्यावर मात्र हवेपेक्षा कामधंदा, माणसे, घरातली दुखणी यांचाच दिवस होतो. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माझी आजी हे नोबेलशिवाय जाणत होती, पण तिचे कोणी ऐकले नाही.

तरीही मी असे म्हणणार नाही की हवेचा विचार करणे म्हणजे चैन. ज्याची छाती साफ आहे त्याने असे म्हणणे सोपे आहे. आपल्या शास्त्रातही दोन्ही बाजू आहेत. लोटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अब्राहामाने त्याला आधी निवड करू दिली. लोटाने डोळे वर करून पाहिले, यार्देनेचा प्रदेश हिरवागार व पाण्याने भरलेला दिसला, आणि तो तिकडे गेला. तिथली माणसे कशी आहेत ते त्याने पाहिले नाही. आमच्या दिमोनाहून मोटारीने तासाभराच्या आत सदोमच्या बाजूस उतरता येते. समुद्रसपाटीच्या सुमारे चारशे मीटर खाली, मिठाचे डोंगर, जुलैत डोळे उघडवत नाहीत असे ऊन. दरवर्षी मुलांची सहल मी तिथे नेत असे आणि सांगत असे, पाहा, ही एका माणसाने हवा पाहून निवडलेली जागा!

पण त्याच परंपरेत हेही आहे की रब्बी यहूदा हन्नासी आजारी झाले तेव्हा त्यांना बेथ शेआरीमहून त्सिप्पोरीला नेण्यात आले, कारण ते गाव उंचावर असून तेथली हवा गोड होती. मिश्ना रचणारा पुरुष हवा बदलण्यासाठी गाव बदलतो आणि त्याला कोणी नावे ठेवीत नाही. तलमूदाच्या त्याच भागात थोडे पुढे रब्बी अम्मी व रब्बी अस्सी यांची गोष्ट आहे. ते ऊन लागले की उठून सावलीत बसत आणि थंडी वाजली की सावलीतून उठून उन्हात. राशी यावर सांगतात की या देशात राहणे त्रासाचे आहे, असे आपल्या तोंडून निघू नये म्हणून. मला या दोन म्हाताऱ्यांविषयी फार आपुलकी वाटते. त्यांनी देश बदलला नाही, खुर्ची हलवली.

तेव्हा प्रश्न असा उरतो : अश्दोदला जाणे ही खुर्ची हलवणे आहे की लोटाची निवड? अंतर तर शंभर किलोमीटरांच्या आसपासचे. रब्बी यहूदांचे उदाहरण आमच्या मंडळींना लागू पडते, याबद्दल मला शंका नाही. श्वास ही गरज आहे, आवड नव्हे. शंका आहे ती माझ्याविषयी.

ती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. अव महिन्यात आम्ही तीन आठवडे अश्दोदला मुलीकडे राहून पाहिले. पहिल्या संध्याकाळी समुद्रावर गेलो. खारा वारा अंगावर आला, ओठांवर मीठ लागले, आणि मला एकदम भरून आले. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी कोरड्या डोंगरावर राहिलो आणि मला काही कमी आहे असे एकदाही बोललो नाही. त्या संध्याकाळी समजले की कमी होते. घरी परतताना मी मुलीला म्हणालो, “तुझ्या आईच्या तब्येतीसाठी इथे यायलाच हवे.” त्या वेळी आमच्या मंडळी काहीच बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, “अहो, माझ्या तब्येतीसाठी की तुमच्या समुद्रासाठी? खरे सांगा. दोन्ही असेल तर दोन्ही म्हणा. पण माझ्या छातीवर तुमचे ओझे नको.”

त्या रेवदंड्याच्या. समुद्र त्यांचाही आहे. तीन आठवड्यांत त्यांचा श्वास खरोखर सुधारला, पण घामाने झोप लागेना. मझगान लावला तर सांधे धरत, बंद केला तर उशी भिजे. “दिमोनाला अव महिन्यातसुद्धा पहाटे चादर घ्यावी लागते,” असे त्या मुलीला तीनदा तरी म्हणाल्या. म्हणजे मी समुद्रासाठी हळवा झालो होतो आणि ज्यांच्यासाठी म्हणून जायचे त्या डोंगरावरच्या पहाटेची आठवण काढीत होत्या. गरजेच्या पदराखाली आवड लपवणे ही फार सोपी गोष्ट आहे आणि ती आपल्या हातून घडते आहे हे लपवणाऱ्यालाच सर्वांत शेवटी कळते. आवड असण्यात पाप नाही. पण ती दुसऱ्याच्या दुखण्याच्या नावावर लिहिली, की उद्या तिथे काही बिघडले तर त्याचाही दोष त्या दुखणाईतावर जातो. मी मुलीला सांगून टाकले की तुझ्या तक्त्यात आईचा एक रकाना कर व बापाचा वेगळा कर.

पैशाचा भागही आहे. दिमोनाचे घर विकून अश्दोदला स्वयंपाकघर आणि एक खोली येईल. बाकीचे मुलगी व जावई कर्ज काढून घालणार म्हणतात. आमच्या हवेचे हप्ते त्यांनी भरायचे. आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांचा श्वास आमच्या मंडळींपेक्षा वाईट आहे. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्यापुढे कोणी तक्ता ठेवला नाही. गावाबाहेर पत्र्याच्या घरांत राहणारे बदाऊन आहेत, त्यांच्या पोरांच्या छातीत हीच धूळ जाते. हे लिहून मला काही तोड सुचते असे नाही. पण तक्ता पाहताना ही माणसे दृष्टीआड होऊ नयेत, इतपत तरी व्हावे. आणखी एक रकाना मुलीने मुद्दामच केला नव्हता, तो रॉकेटचा. तो केला असता तर सहाही गावांना शून्य मिळून आमचा प्रश्न सुटला असता!

पावसाच्या प्रार्थनेवरून एक गोष्ट मला नेहमी सुचते. मुंबईत आम्ही इतर परदेशांतल्या यहुद्यांप्रमाणे डिसेंबरच्या ४ किंवा ५ तारखेपासून पावसाची मागणी करू लागत असू. डिसेंबरात कोकणात आंब्याला मोहोर येऊ लागतो. त्या वेळी पाऊस आला तर तो अवकाळी. मोहोर गळतो, आंबा जातो. म्हणजे सिद्दूर हाती आल्यापासून आमचे वाडवडील उभे राहून जे मागत होते ते त्यांच्या स्वतःच्या अंगणात पडले असते तर नुकसानच झाले असते. ती मागणी दूरच्या शेतांसाठी होती, जी त्यांनी पाहिलेलीही नव्हती. आणि जूनमध्ये, जेव्हा नांगर धरून कोकणातला शेतकरी आभाळाकडे पाही, तेव्हा सिद्दुरात पावसाची मागणी नसे. लहानपणी मला हा विनोद वाटे. आता वाटते, आपल्या सोयीच्या हवेपलीकडे पाहण्याची ती वर्षातून एकदा मिळणारी सवय होती.

यातूनच मी सर्वांत अवघड भागाकडे येतो. आमच्या मोहल्ल्यात आपल्या लोकांचे छोटे सिनेगॉग आहे. शब्बाथला जागा पुरत नाही, सणांना तर नाहीच. पण रोजच्या सकाळी आम्ही दहा असतो. पूर्वी वीस असायचे. काही गेले ते बेथ हय्यिममध्ये, काही मुलांच्या मागे मध्य भागात. जे गेले त्यांतल्या प्रत्येकाकडे चांगले कारण होते. त्यांची कारणे मी ऐकली तेव्हा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी खुर्ची मोजली. आता माझी खुर्ची रिकामी होणार. दहातला एक गेला की नऊ राहत नाहीत, शून्य राहते, कारण नवांना मिन्यान म्हणत नाहीत. वडिलांचा कद्दीश म्हणायला आलेला माणूस परत जाईल. कोणी म्हणेल, बायकोच्या श्वासापुढे हा विचार करणे निर्दयपणाचे आहे. खरे आहे, आणि बायकोचा श्वास मोठा हे मी एका क्षणात ठरवतो. पण जे हरते त्याचे मोल शून्य होते असे नाही. हरलेल्या बाजूचेही काही देणे राहते व ते फेडल्याशिवाय निघू नये, असे मला वाटते.

म्हणून मी एका सकाळी तेफिल्ला झाल्यावर आमच्या गबाईंना बाजूला घेऊन सांगितले. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत, मला अजून मास्तर म्हणतात. मी बोललो ते त्यांनी ऐकून घेतले, तालीथ घडी करून पिशवीत ठेवली, मग बोटांवर मोजू लागले.

“मास्तर, तुम्ही गेलात की नऊ.”

“हो नाना, तेच म्हणतो.”

“वहिनींचा श्वास कधी जास्त धरतो?”

“पेसाहच्या आधी. शराव सुटला की.”

“म्हणजे हनुक्का झाल्यावर गेलात तरी चालेल. किस्लेवमध्ये आमच्या भाचीचा मुलगा तेरा वर्षांचा होतो. शाळेच्या आधी त्याला सकाळी उठवून आणायचे काम माझे. तेवढा तो तयार करून द्या आणि मग जा.” थोडे थांबून म्हणाले, “आणि सुक्कोथच्या आत शराव सुटलाच, तर मुलाची वाट पाहू नका. वहिनींना घेऊन निघा. मी नवांना सांभाळून घेईन.”

घरी येऊन मी हे सांगितले. आमच्या मंडळी म्हणाल्या, “हनुक्कापर्यंत मला काही होत नाही. गोळ्या आहेत, पंप आहे.” मग मुलीला फोन करून सांगितले की घर पाहा, पण तिसऱ्या मजल्यावरचे, आणि स्वयंपाकघराला खिडकी हवी, समुद्र दिसला नाही तरी चालेल. शेवटचे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटले.

तेव्हापासून तो मुलगा रोज संध्याकाळी पाच वाजता येतो. मराठी त्याला समजते, बोलता येत नाही. चेंडू दाराबाहेर ठेवतो व पाठ म्हणताना पाय हलवीत राहतो. त्याच्या वाट्याला तोलदोथचा पराशा आला आहे, तो मोठा आहे. दुष्काळात इसहाक याच आमच्या बाजूच्या वाळवंटात एकामागून एक विहिरी खणतो, त्या भागाशी तो अडखळतो. नावे गोंधळतो, स्वर चुकवतो. मी घाई करीत नाही. सध्या आम्ही दुसऱ्या विहिरीपर्यंत आलो आहोत.